कमान झोपत नाही : गॉथिक इमारती उभ्या कशा राहतात, आणि त्यातून प्रश्न विचारायला कसं शिकायचं

पीएचडीच्या प्रवेशासाठी सिनॉप्सिस लिहिणारी मुलं-मुली भेटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "विषय आहे डोक्यात, पण प्रश्न सापडत नाहीये." अडचण खरी आहे. 'गॉथिक वास्तुशैलीचा अभ्यास' हा विषय झाला. त्यावर मुलाखतीत कुणी विचारलं, "म्हणजे नक्की काय शोधणार?", की आपली बोलती बंद होते. 'आठशे वर्षांपूर्वी, बलाचे नियम कुणालाच लिहिता येत नसताना, चाळीस मीटर उंचीचं दगडी छत बांधणाऱ्यांना ते पडणार नाही हे कळत कसं होतं?' हा मात्र प्रश्न आहे.

आज हाच प्रश्न घेऊया. मी फिजिक्सवाला, वास्तुकलेचा विद्यार्थी नाही. माझं काम वाळूसारख्या दाणेदार पदार्थांवर आहे. पण दाण्यांच्या ढिगात वजन एका दाण्यावरून दुसऱ्यावर कसं जातं हे वाचता वाचता दगडी कमानींपाशी पोहोचलो आणि तिथे बराच रमलो. हे शिकायला फ्रान्सला जायची गरज नाही, पुण्यात हाताशी पुरेसं सामान आहे.

आधी नावं तपासा

संशोधनात पहिलं काम शब्द तपासण्याचं. 'कॅथेड्रल' म्हणजे मोठं चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते आकारानं लहान का असेना. म्हणजे हा शब्द पदाबद्दल बोलतो, शैलीबद्दल नाही.

'गॉथिक' हा शब्द तर चक्क शिवी म्हणून सुरू झाला. सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या लेखकांना, त्यात जॉर्जो वासारी आलाच, ही जुनी शैली रानटी वाटायची. रोम बुडवणाऱ्या गॉथ टोळ्यांचं नाव त्यांनी तिला चिकटवलं. प्रत्यक्षात गॉथ लोकांचा तिच्याशी काही संबंध नाही. सुरुवात साधारणपणे पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चपासून धरतात. तिथला मठाधिपती सुजेर यानं नव्यानं बांधलेल्या पूर्वेकडच्या भागाचं लोकार्पण ११ जून ११४४ रोजी झालं. पॅरिसच्या नोत्र-दामचं काम ११६३ मध्ये सुरू झालं. शार्त्रचं कॅथेड्रल ११९४ च्या आगीनंतर जवळजवळ नव्यानं उभं राहिलं, आमियँचं १२२० मध्ये सुरू झालं.

आपल्याकडेही हा प्रकार आहेच. यादवकाळातल्या मंदिरांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाडपंत तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. त्याच्या नावानं ओळखली जाणारी कितीतरी मंदिरं त्याच्या आधीची आहेत. सिन्नरचं गोंदेश्वर घ्या, ते साधारण बाराव्या शतकातलं. शैलीचं नाव हे बहुतेक वेळा नंतरच्या लोकांनी लावलेलं लेबल असतं, त्याला पुरावा समजू नका.

आणखी एक लेबल तपासायचं. 'टोकदार कमान म्हणजे गॉथिक' असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण कैरोच्या इब्न तुलून मशिदीत टोकदार कमानी आहेत आणि ती ८७९ मध्ये पूर्ण झाली, सँ-दनीच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी. विजापूरच्या गोल घुमटाखाली एकमेकींत गुंफलेल्या टोकदार कमानी आहेत, त्याला कुणी गॉथिक म्हणत नाही. म्हणजे टोकदार कमान ही गॉथिकची खूण आहे, व्याख्या नव्हे. गॉथिकचं वेगळेपण हे की टोकदार कमान, दगडी फासळ्यांचं छत आणि बाहेरचे टेकू या तीन गोष्टी एकत्र येऊन भिंतीला मोकळं करतात आणि त्या मोकळ्या जागेत काच बसते.

वजन जातं कुठे?

आता मुद्द्याचं फिजिक्स. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. खडूची कांडी उभी धरून दाबा, सहज मोडत नाही. वाकवा, लगेच तुटते.

गोंदेश्वरच्या मंडपात उभे खांब आणि त्यावर आडव्या दगडी तुळया आहेत. तुळई वाकायला बघते तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते, आणि दगड नेमका तिथेच कच्चा. जाडी तीच ठेवून दोन खांबांमधलं अंतर दुप्पट केलं तर तुळईच्या स्वतःच्या वजनानं येणारा ताण चौपट होतो. म्हणून अशा मंडपात खांब जवळजवळ असतात. मोठी जागा झाकायची असेल तर दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत नेतात आणि वर मिटवतात. या सगळ्या पद्धतीत वजन सरळ खाली जातं. इमारत शांत उभी राहते, पण आत मोकळी जागा कमी मिळते.

कमानीचं तसं नाही. तिच्यात प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, ताण येतच नाही, त्यामुळे लहान लहान दगडांनी मोठं अंतर पार करता येतं. त्याची किंमत म्हणजे आडवा रेटा. कमान आपले पाय सतत बाहेर ढकलत असते. 'कमान कधी झोपत नाही' असं हिंदू कारागीर म्हणत, हे वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसननं एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. (पुणेकरांनो, हा आपल्या कॉलेजवाला फर्ग्युसन नव्हे. ते सर जेम्स फर्ग्युसन, मुंबईचे गव्हर्नर. नाव एक, माणसं दोन. संदर्भ देताना असे घोळ फार होतात.)

हा रेटा किती असतो? ढोबळ हिशोबाला एक सूत्र पुरतं. कमानीवर सगळीकडे सारखं वजन आहे असं धरलं तर :

आडवा रेटा = (दर मीटरचं वजन × अंतर × अंतर) ÷ (८ × कमानीची उंची)

अंतर १२ मीटर घ्या. अर्धगोल कमानीची उंची अंतराच्या निम्मी, म्हणजे ६ मीटर. रेटा येतो १४४ ÷ ४८ = ३, म्हणजे दर मीटरच्या वजनाच्या तिप्पट. आता तेच अंतर, पण कमान टोकदार करून उंची ९ मीटर केली. रेटा १४४ ÷ ७२ = २. नुसता आकार बदलून रेटा एक तृतीयांशानं घटला. सूत्र काटेकोर बघितलं तर पॅराबोलाच्या आकाराच्या कमानीसाठी आहे, त्यामुळे आकड्यांना चिकटून बसू नका. उंची वाढली की रेटा कमी होतो, ही दिशा मात्र पक्की.

टोकदार कमानीचा दुसरा फायदा मला जास्त आवडतो. अर्धगोल कमानीत उंची अंतराला बांधलेली असते. १२ मीटरची कमान ६ मीटर उंच, तर ६ मीटरची फक्त ३. मग आयताकृती जागेवर छत घालताना लांब आणि आखूड बाजूच्या कमानींची टोकं एका पातळीवर आणायची कशी? टोकदार कमानीत तुम्ही उंची हवी तशी ठरवू शकता. दोन्हींची शिखरं एका रेषेत येतात आणि छत सुटसुटीत बसतं.

उरलेला रेटा जमिनीपर्यंत न्यायला बाहेर टेकू हवेत, त्यांना बट्रेस म्हणतात. मधल्या उंच दालनाच्या दोन्ही बाजूंना बुटकी दालनं असतील तर टेकू लांब पडतो. मग त्यांच्या छतावरून अर्धी कमान काढून रेटा पलीकडच्या जाड खांबाला पोहोचवतात. हाच तो प्रसिद्ध फ्लाइंग बट्रेस. बाहेरच्या खांबांवर दिसणारे ते टोकेरी दगडी कळस बहुतेकांना निव्वळ नक्षी वाटतात. पण आडवा रेटा आणि खालचं वजन यांची बेरीज करून बघा, वरून वजन वाढवलं की एकूण बलाची रेषा जास्त उभी होते आणि खांबाच्या आतच राहते. नक्षी आहेच, पण ती कामालाही लागलेली आहे.

दगड चिरडत का नाही, आणि त्यानं काय सिद्ध होतं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. एवढी उंच इमारत स्वतःच्या वजनाखाली चिरडत कशी नाही?

हिशोब करू. मध्यम दर्जाचा चुनखडक ४० मेगापास्कल दाब सोसतो आणि त्याची घनता घनमीटरला २४०० किलो आहे असं धरा. मग या दगडाचा सरळ उभा खांब किती उंच झाला की स्वतःच्या वजनानं तळाशी चिरडेल? ४,००,००,००० ला (२४०० × ९.८) नं भागा. उत्तर येतं सुमारे १७०० मीटर. आमियँच्या छताची उंची ४२ मीटर. खांबावर छताचं, भिंतींचं वजन येतं म्हणून दहापट धरलं तरी दगड आरामात आहे.

म्हणजे या इमारती दगड चिरडून पडत नाहीत. पडल्याच तर आकार चुकला म्हणून पडतात, बलाची रेषा दगडाच्या बाहेर गेली म्हणून. एकदा हे मान्य केलं की मोठं कोडं सुटतं. ताकदीचा प्रश्न असता तर लहान मॉडेलवरून मोठ्या इमारतीबद्दल काहीच सांगता आलं नसतं. आकार दुप्पट केला की वजन आठपट आणि छेदाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणजे दाब दुप्पट. गॅलिलिओनं १६३८ मध्ये हेच दाखवलं. पण प्रश्न भूमितीचा असेल तर प्रमाण तेच ठेवून आकार दुप्पट केला तरी बलाची रेषा त्याच जागेतून जाते. लहान उभं राहिलं तर मोठंही उभं राहतं.

मध्ययुगीन गवंड्यांचे ठोकताळे प्रमाणांचेच असत : अंतराच्या इतक्या हिश्शाएवढा टेकू जाड ठेवा, वगैरे. त्यांना बलांचं शास्त्र येत नव्हतं. पण ज्या पदार्थात ते काम करत होते त्यात प्रमाणाचे नियम खरोखरच चालतात. म्हणजे त्यांचं ज्ञान अंदाजपंचे नव्हतं. फक्त ते का चालतं हे त्यांना सांगता आलं नसतं. तुमच्या प्रयोगशाळेतही असे ठोकताळे असतील, सीनियरकडून ज्युनियरकडे आलेले. ते हसण्यावारी नेऊ नका. ते का चालतात हा कदाचित तुमचा प्रश्न असेल.

'का'चं उत्तर यायला वेळ लागला. रॉबर्ट हूकला १६७० च्या दशकात कळलं होतं की लोंबती साखळी जो आकार घेते तोच उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो. साखळीत फक्त ताण असतो, उलटल्यावर तिथे फक्त दाब. पण १६७५ मध्ये त्यानं हे छापलं ते अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात. शोध आपल्या नावावर राहावा, पण दुसऱ्याला कळू नये! कोड्याची उकल छापून आली १७०५ मध्ये, हूक गेल्यावर दोन वर्षांनी. १७४८ मध्ये जोवान्नी पोलेनीनं रोमच्या सेंट पीटर्सच्या भेगा पडलेल्या घुमटासाठी साखळीला वजनं लावून हीच युक्ती प्रत्यक्ष वापरली.

आणि १९६६ मध्ये केंब्रिजच्या जॅक्स हेमननं हे सगळं एका निबंधात नीट बसवलं. त्यानं तीन गोष्टी गृहीत धरल्या : दगड दाबानं चिरडत नाही, दगडी बांधकाम ताण अजिबात सोसत नाही, आणि दगड एकमेकांवरून घसरत नाहीत. मग निष्कर्ष असा की बलाची एक तरी रेषा पूर्णपणे दगडाच्या आत बसवता आली तर इमारत सुरक्षित आहे. प्रत्यक्षात बल नेमकं त्याच रेषेतून जातं का, हे कळायची गरज नाही. भेगा दिसल्या म्हणजे इमारत पडणार असंही नाही. पाया किंचित सरकला की कमान भेगा पाडून नव्या जागी बसते आणि निवांत उभी राहते.

यातली गृहीतकं बघा. तिन्ही थोडी थोडी 'खोटी' आहेत, आणि लेखकानं ती उघड मांडली आहेत. चांगलं गृहीतक असंच असतं : ते कुठे मोडेल हे वाचणाऱ्याला लगेच दिसलं पाहिजे.

पडलेली इमारत जास्त शिकवते

उभ्या इमारतीवरून सिद्धान्त तपासणं अवघड. सगळेच सिद्धान्त म्हणतात की ती उभी राहील. म्हणून उत्तर फ्रान्समधलं बोव्हे बघायचं. तिथल्या कॅथेड्रलचं छत ४८ मीटरच्या आसपास, सगळ्या गॉथिक कॅथेड्रलांत उंच. काम १२२५ च्या आगीनंतर सुरू झालं, पूर्वेकडचा भाग १२७२ मध्ये पूर्ण झाला आणि १२८४ मध्ये छत कोसळलं. पुढे जादा खांब घालून ते पुन्हा बांधलं. सोळाव्या शतकात त्याच कॅथेड्रलवर सुमारे १५३ मीटर उंच मनोरा चढवला. तो १५७३ मध्ये पडला. दालनाचा पश्चिमेकडचा भाग आजतागायत बांधला गेलेला नाही.

'फार उंच बांधलं म्हणून पडलं' हे उत्तर सगळ्यांना पटतं आणि म्हणूनच ते संशयास्पद आहे. उंची हेच कारण असतं तर सेंटरिंग काढताक्षणी पडायला हवं होतं. ते १२ वर्षं टिकलं. जो सिद्धान्त या १२ वर्षांचा हिशोब देत नाही तो अपुरा. मग काय काय असू शकतं? चुन्याचा गारा हळूहळू बसत जातो. पाया खचू शकतो. वादळी वारा काही वर्षांतून एकदाच पुरेसा जोरात येतो. एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युकनं आपलं स्पष्टीकरण दिलं, हेमननं आपल्या पद्धतीनं तपासलं. १९७० च्या दशकात प्रिन्स्टनच्या रॉबर्ट मार्क यांनी मॉरी वुल्फ यांच्याबरोबर वाऱ्याचा मुद्दा पुढे आणला. मार्कची पद्धत मजेशीर होती : इमारतीच्या छेदाचं पारदर्शक प्लास्टिकचं मॉडेल करायचं, त्याला वजनं लावायची आणि ध्रुवीकृत प्रकाशात बघायचं. जिथे बल जास्त तिथे रंगीत पट्टे दाट दिसतात.

हेमनच्या पद्धतीत दगड ताण घेतच नाही. मार्कच्या मॉडेलमधलं प्लास्टिक ताण व्यवस्थित घेतं. त्यामुळे मार्कला 'इथे ताण येईल, म्हणजे गारा इथे तडकेल' असं दाखवता येतं, आणि हेमन म्हणू शकतो की तडकलं तरी इमारत पडेलच असं नाही. दोघं वेगवेगळे प्रश्न विचारतात. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना 'अमुक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो' एवढ्यावर थांबू नका. कुणाच्या साधनाला काय दिसतं आणि काय दिसूच शकत नाही, ते लिहा. रिव्ह्यूचा खरा उपयोग तिथे आहे.

असाच दुसरा वाद छताच्या फासळ्यांचा. व्हिओले-ल-द्युकच्या मते फासळ्या हा सांगाडा, मधला दगड त्यावर रेललेला. १९३४ मध्ये पोल आब्राम यांनी हे खोडून काढायचा प्रयत्न केला. पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांनी मोडलेल्या चर्चमध्ये काही ठिकाणी फासळ्या पडल्या आणि मधलं छत तसंच राहिलं होतं. पण उलटंही घडलं होतं, छत पडून फासळ्या उभ्या राहिल्याच्या जागाही होत्या. एकाच युद्धानं दोन्ही बाजूंना पुरावा दिला. म्हणजे प्रश्नच बदलायला हवा होता : फासळी भार घेते की नाही असं नव्हे, तर कुठे, कधी आणि बांधकामाच्या कोणत्या टप्प्यावर घेते?

मग पुणे कुठे येतं?

आपल्याकडचं गॉथिक मध्ययुगीन नाही. ते एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यात आली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूस व्यापारात पैशांचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, याच दशकात, पुण्यात एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या. येरवड्याचं डेक्कन कॉलेज (१८६४ ते १८६८), ससून हॉस्पिटल आणि कॅम्पातलं लाल देऊळ या तिन्हींमागे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स हा एकच लष्करी इंजिनियर होता.

लाल देऊळ तर आपल्या व्याख्येची चांगली परीक्षा घेतं. ते आहे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड सिनेगॉग. १८६३ ते १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या पैशांतून बांधलेलं. रूप इंग्लिश गॉथिक चर्चचं, उंच घड्याळाचा मनोरा, लाल विटा. आणि पुणेकरांनी नाव ठेवलं देऊळ! इमारतीची शैली, धर्म आणि नाव या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे समजायला याहून बरं उदाहरण मला माहीत नाही.

इथला दगड बदलला की कामही बदलतं. फ्रेंच चुनखडक मऊ, कोरायला सोपा. आपला बेसॉल्ट म्हणजे काळा पाषाण भक्कम, पण बारीक कोरीवकामाला हट्टी. म्हणून मुंबईतल्या गॉथिक इमारतींत कोरीवकामाच्या जागी पोरबंदरचा दगड वापरलेला दिसतो.

आता सिनॉप्सिसचा सराव करू. कॅम्पात जीपीओजवळ सेंट पॉल्स चर्च आहे, १८६० च्या दशकातलं. ते पॅरिसच्या सँत-शापेलच्या धर्तीवर बांधलंय असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हे वाक्य तुम्ही थिसिसमध्ये जसंच्या तसं टाकाल की तपासाल?

तपासायचं तर आधी सँत-शापेल काय आहे ते बघा. राजा नवव्या लुईनं ख्रिस्ताचा काटेरी मुकुट ठेवण्यासाठी बांधलेलं, १२४८ मध्ये लोकार्पण झालेलं राजवाड्यातलं चर्च. ते कॅथेड्रल नाही. दोन मजली, वर एकच सलग दालन, सुमारे १५ मीटर उंचीच्या पंधरा खिडक्या. बाजूची दालनं नाहीत म्हणून फ्लाइंग बट्रेसही नाहीत. बाहेर खोल, सरळ टेकू आहेत आणि बांधकामात लोखंडी साखळ्या दडवलेल्या आहेत.

मग 'धर्तीवर' या एका शब्दाचे चार प्रश्न होतात :

१. कशात साम्य? लांबी-रुंदीचं प्रमाण, खिडक्यांची संख्या, वेदीकडच्या टोकाचा आकार, मजले, छत दगडी की लाकडी. प्रत्येक गोष्ट मोजून किंवा मोजदाद करून सांगता येते.

२. तुलना कुणाशी? एक सलग दालन आणि टोकदार खिडक्या त्या काळच्या शेकडो इंग्लिश चर्चमध्ये आहेत. साम्य सँत-शापेलशी आहे की अख्ख्या फॅशनशी, हे कळायला आणखी पाच-सहा चर्च मोजावी लागतील. सायन्सच्या भाषेत, कंट्रोल हवा.

३. कोणतं सँत-शापेल? एकोणिसाव्या शतकात तिथे मोठी डागडुजी झाली आणि आजचा टोकदार मनोरा १८५० च्या दशकात नव्यानं चढवला. म्हणजे १८६० च्या सुमारास कुणी नक्कल केली असेल तर ती मध्ययुगीन इमारतीची की ताज्या दुरुस्तीची?

४. कागद काय म्हणतात? नकाशे, पत्रव्यवहार, खर्चाचे अहवाल. सरकारी बांधकामांच्या कागदांसाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार हा पहिला पत्ता. इमारत आणि कागद वेगळं बोलले तर तिथेच तुमचं प्रकरण सुरू होतं.

शेवटी स्वतःला विचारा : काय सापडलं तर मी 'नाही, हे त्या धर्तीवर नाही' असं लिहीन? याचं उत्तर आधी लिहून ठेवता आलं तर तुमच्याकडे प्रश्न आहे. नाही आलं तर अजून विषयच आहे.

हे सगळं कशासाठी?

१५ एप्रिल २०१९ ला नोत्र-दामला आग लागली. लाकडी छप्पर जळालं, एकोणिसाव्या शतकातला मनोरा दगडी छत फोडून आत कोसळला. पण दगडी छताचा बराचसा भाग टिकला आणि त्यानं खालची इमारत वाचवली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. दुरुस्तीत एक गोष्ट फार उपयोगी पडली. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकानं आगीच्या काही वर्षं आधी लेझर स्कॅनरनं या इमारतीचं बारीक मोजमाप केलं होतं, शंभर कोटींहून जास्त बिंदूंचं. त्याचा हेतू साधा होता : खांब किती झुकलेत, बांधणाऱ्यांनी काम कुठे थांबवलं आणि पुन्हा कसं सुरू केलं हे समजून घेणं. टॅलन २०१८ मध्येच वारला. आपल्या मोजमापाचा असा उपयोग होईल हे त्याला कधी कळलं नाही.

नीट घेतलेला डेटा तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त जगतो. मोजमाप कसं घेतलं, चूक किती असू शकते, उपकरण कुठे ठेवलं होतं हे लिहून ठेवायला गाईड सांगतात तेव्हा कंटाळा येतो, मलाही येतो. पण ते लिहिलेलं नसेल तर तो डेटा दुसऱ्या कुणाच्याच कामाचा राहत नाही.

या रविवारी एक करून बघा. घरातली बारीक साखळी घ्या, दोन टोकं भिंतीला धरा, समोरून फोटो काढा आणि तो उलटा करा. मग शनिवारवाड्याच्या दरवाजाच्या कमानीचा, डेक्कन कॉलेजच्या एखाद्या कमानीचा किंवा तुमच्या गावच्या जुन्या पुलाचा अगदी समोरून फोटो काढा. साखळीचा फोटो त्यावर ठेवा आणि लांबी कमी-जास्त करत बघा, रेषा दगडाच्या आत बसते का. न बसली तर लगेच 'कमान चुकीची' म्हणू नका. साखळीवर सगळीकडे सारखं वजन असतं. कमानीवर कुठे भिंत आहे, कुठे मोकळं आहे, ते बघा. त्या प्रमाणात साखळीला जागोजागी वजनं लावा आणि पुन्हा फोटो काढा. पोलेनीनं हेच केलं होतं.

दोन्ही फोटो, वजनं आणि अंतरं तारखेसकट वहीत नोंदवा. आणि त्याखाली एकच वाक्य लिहा, प्रश्नचिन्हानं संपणारं. सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद तिथून लिहायला घ्या.